आणखी काही मदत हवी आहे का

तुम्ही यावर विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण जे सांगतोय ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. आणि ज्या मुलीच्या बाबतीत घडलं, ती माझी भाची, माझ्या मांडीवर बसून अक्षरं शिकली आहे. ती खोटं बोलली की तिचं नाक लाल होतं. लहानपणापासून.

हे सांगताना तिचं नाक लाल झालं नव्हतं. पांढरं पडलं होतं.

रात्र नव्हती. वारा सुटलेला नव्हता. उन्हाळ्याच्या सुरुवातीची लख्ख दुपार होती, आणि ऑफिसात जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती.

भाची एका हेल्पलाइनवर काम करायची. घरी ओट्याखाली बसवतात ते पाणी शुद्ध करायचं मशीन बिघडलं की लोक फोन करत, आणि ही फोनवरूनच त्यांच्याकडून ते दुरुस्त करून घेई. ऑफिसात तिला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण दर दुसऱ्या वाक्याला ती ग्राहकाला म्हणायची, "सावकाश करा, मी आहे."

फोनवरच्या कामातली अडचण अशी की समोरच्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तिनं स्वतःची एक पद्धत बसवली होती. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. मग थांबायचं. समोरच्यानं काय केलं, त्याला काय दिसतंय, हाताला काय जाणवतंय, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. 'ते तिथलं' असं म्हणायचं नाही. 'बाटलीच्या झाकणाएवढं, डाव्या हाताला' असं म्हणायचं. आणि 'अमुक करू नका' हे तर कधीच नाही. लाल बटण दाबू नका म्हटलं की माणूस आधी लाल बटण शोधतो.

या पद्धतीनं तिला समोरच्याचं घर अगदी डोळ्यांपुढे दिसायला लागे.

तेच तिला नडलं.

तिच्या घरीही तेच मशीन होतं. आईसाठी घेतलेलं. आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, आतड्याचं ऑपरेशन झाल्याला फार दिवस झाले नव्हते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटात शुद्ध पाण्याशिवाय दुसरं पाणी जाता कामा नये, या वेळी जंतू गेले तर आम्ही काही करू शकणार नाही. घरात दोघीच. त्यामुळे रोज सकाळी भाची मशीनचं पाणी पातेल्यात भरून ओट्यावर झाकून ठेवायची, आणि मगच कामाला निघायची. दुपारी आई फोन बंद करून झोपायची.

त्या दुपारी कॉल आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"



पलीकडून... काहीतरी गिळल्याचा आवाज.

"पाणी येत नाही गं," एक म्हातारा आवाज म्हणाला. "अडकतंय."

आवाज ओला होता. तोंडात गुळणी धरून बोलावं तसा.

"निश्चिंत राहा आजी. आपण दोघी मिळून बघू. कुणी आहे का जवळ मदतीला?"

"तू आहेस ना."

भाचीला हसू आलं. शेजारच्या खुर्चीवरचा गोलू, म्हणजे तिचा दोस्त, दात कोरता कोरता तिच्याकडे बघत होता. तिनं त्याला खुणेनंच सांगितलं, गोड आजी आहेत.

पण एक गोष्ट तिला खटकली.

प्रत्येक घराला एक आवाज असतो. पंखा, टीव्ही, रडणारं पोर, बाहेरच्या गाड्या. फोनमागे ते सगळं ऐकू येतं.

इथे काहीच नव्हतं. फक्त कुठेतरी बारीक धार लागल्याचा आवाज.

"आजी, सिंकखालचं दार उघडा. आत शाळेच्या दप्तराएवढं पांढरं मशीन आहे. दिसलं की सांगा."

"दिसलं. पुढे?"

"दिवा लावा हवं तर."

"नको. दिसतं मला. पुढे?"

डावीकडची किल्ली फिरवून पाणी बंद करायला सांगितलं. केलं. मधल्या जाड नळीचं झाकण फिरवून काढायला सांगितलं. काढलं. एकदाही 'हे का ते' नाही, कुरकुर नाही. अशी ग्राहक मिळायला नशीब लागतं, असं भाचीला वाटलं.

"आता नळीत हात घाला. आत फिल्टर आहे, मेणबत्तीसारखा. हाताला काय जाणवतंय?"

"मऊ आहे."

"मऊ?"

"दुधावरच्या सायीसारखं. पण... कोमट."

फिल्टर कोमट नसतो. भाचीनं ते मनातल्या मनात बाजूला सारलं.

"शेवाळ धरलं असेल. फार दिवस साफ झालेलं नसेल. हळूच ओढा, सावकाश, मी आहे."

"ओढते."

...आणि चिखलात रुतलेला पाय निघावा तसा आवाज आला. लांबलचक. थांबेचना.

"येतंय," आजी म्हणाल्या. "संपतच नाही. केस आहेत गं याच्यात."

"केस?"

"लांब लांब. गुंता झालाय. सायीत माखलेत सगळे." पुन्हा तो आवाज. "आणि बारीक बारीक काहीतरी कडक आहे. थांब, मोडून बघते... नखं आहेत. कुरतडलेली."

तिनं तोंडावर हात धरला.

"काही माझीच आहेत," आजी म्हणाल्या.

गोलूनं तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. 'काय झालं?' तिनं मान हलवली. काय सांगणार? तेवढ्यात त्यालाही कॉल आला आणि तो तिकडे वळला.

"काढलेलं कुठे ठेवू?" आजींनी विचारलं.

इथे भाची चुकली. किळसेनं तिचं डोकं चालत नव्हतं. कुठलं भांडं, कसलं भांडं, त्यात आधी काय आहे, हे ती एरवी विचारल्याशिवाय राहिली नसती.

"ठेवा हाताशी असेल त्या भांड्यात," ती म्हणाली.

"ठेवलं. झाकण लावलं. पुढे?"

मग चटचट असा आवाज येऊ लागला. ओठांचा.

"आजी... तुम्ही काही खाताय का?"

"बोटं चाटली. तुला नीट सांगता यावं म्हणून. खारट आहे."

भाचीनं हेडफोन कानापासून जरा दूर धरला. तरी आवाज तेवढाच येत होता. आणि आता एक वासही यायला लागला होता. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा. ऑफिसात फुलदाणी नव्हती.

तिला तो कॉल संपवायचा होता. पण तिथला नियम पक्का होता, ग्राहकानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. समोरच्या काचेच्या खोलीत सर बसलेले.

"आजी, सिंकच्या वर खिडकी असेल ना? उघडा जरा. वास जाईल."

"उघडत नाही. एक काच नाहीये. पुठ्ठा लावलाय."

"बरं."

"पुठ्ठ्यावर सायकलचं चित्र आहे. उलटं लावलंय चित्र. सायकलची चाकं वर."



तसाच पुठ्ठा भाचीनं स्वतःच्या स्वयंपाकघरात लावला होता. घाईत उलटा लागला म्हणून आई तिला दोन दिवस चिडवत होती, आपल्या घरी सायकलीला चक्कर आलीय म्हणून.

असतील असे पुठ्ठे. असतील दुसरीकडेही.

"आजी," तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "मशीनच्या बाजूला चिकटवलेला एक नंबर आहे. तो वाचून दाखवा."

आजींनी वाचला. न अडखळता. भाचीनं तो टाइप केला. पडद्यावर ग्राहकाचं नाव आणि पत्ता आला.

नाव तिचं होतं.

पत्ता तिच्या घराचा होता.

"इथे आत कुणीतरी झोपलंय," आजी हळू आवाजात म्हणाल्या. "पोटावर पट्टी आहे."

मोबाइल लॉकरमध्ये. कामाच्या जागी न्यायची परवानगीच नव्हती. आणि मोबाइल हाती असता तरी उपयोग काय, आईचा फोन बंद. भाची खुर्चीतून अर्धवट उठली.

"बोलत राहा गं," आजी म्हणाल्या. "तू बोलली नाहीस ना, तर मी माझ्या मनानं करते."

भाची परत बसली.

तिच्या तोंडावर आलं होतं, 'त्या खोलीत जाऊ नका.' तिनं ते ओठांतच अडवलं. हे वाक्य बोलायचं नाही. नवीन मुलांना ती स्वतः शिकवत होती. जे करायचं तेवढंच सांगायचं.

"आजी," ती म्हणाली, अगदी शांतपणे, "आता माझ्या आवाजाकडे लक्ष द्या. आपलं पुढचं काम बाहेर आहे. उठा."

"उठता येत नाही. तशीच येते."

"चालेल. तशाच या. पाठ सिंककडे करा. समोर दाराची चौकट दिसते का?"

"दिसते."

"चौकटीतून बाहेर या. आलात की सांगा."

...घसटल्याचा आवाज. ओलं पोतं फरशीवरून ओढावं तसा.

"आले."

"आता उजवा हात भिंतीला लावा. हात भिंतीलाच ठेवायचा. भिंत नेईल तसं पुढे यायचं."

"डाव्या बाजूला खोली आहे. तीच. दार उघडं आहे."

"हाताला भिंत कशी जाणवते, आजी?"

"खरखरीत."

"छान. तशीच खरखरीत भिंत पुढेही आहे. सावकाश या. मी आहे."

घसटणं थांबलं. आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं... आईचं घोरणं. हलकं, शिट्टी वाजल्यासारखं. ते ती हजारात ओळखेल.

"हिला तहान लागलीय," आजी म्हणाल्या.

"आजी, भिंत. भिंत संपली का सांगा."

घोरणं तेवढ्याच जवळून ऐकू येत होतं. मग पुन्हा घसटणं. घोरण्याचा आवाज मागे पडत गेला.

"संपली. दार आहे."

"डोक्याच्या वर कडी आहे. खाली ओढा. दार आपल्याकडे घ्या. बाहेर पायरी आहे, तिच्यावर जा. गेलात? आता दार ओढून घ्या. जोरात."

खट्.

ओढलं की आपोआप लागणारं दार होतं ते. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. भाचीनं डोळे मिटले. जमलं होतं. आई आत होती, आणि ते बाहेर.

आणि मग... तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

दिवसातून कितीदा तरी, प्रत्येक कॉलच्या शेवटी म्हणावं लागणारं. जिभेला वळणच पडलेलं.

"आणखी काही मदत हवी आहे का?"

"हो," आजी म्हणाल्या.



"बाहेर फार कोरडं आहे. मला परत आत यायचंय. कसं यायचं ते सांग ना. सावकाश सांग."

तिनं हेडफोन ओरबाडून काढला आणि ती धावली. मागून सर म्हणाले, "अगं, कॉल चालू आहे." तिनं वळून पाहिलं नाही. ग्राहक ताटकळू नये म्हणून सोडलेला कॉल आपोआप शेजारच्या खुर्चीकडे जातो. तिथली सोयच तशी आहे. पण तेव्हा हे तिच्या डोक्यात कुठून येणार?

लॉकरमधून मोबाइल घेतला, मिळाली त्या गाडीत बसली. आईचा फोन बंदच.

घराबाहेर कुणी नव्हतं. पायरी ओली होती. तेलकट ओली.

तिनं किल्लीनं दार उघडलं आणि तशीच आत धावली.

बोळातल्या भिंतीवर, थेट स्वयंपाकघरापर्यंत, चिकट करड्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. गोगलगाय गेल्यावर राहतो तसा चमकणारा. तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर.

स्वयंपाकघरात मशीनचे भाग फरशीवर ओळीनं मांडलेले होते. स्वच्छ. ज्या क्रमानं तिनं काढायला सांगितले, त्याच क्रमानं.

आणि आई टेबलापाशी बसली होती. हातात ग्लास.

"आज लवकर सोडलं गं?" आई म्हणाली. "आणि हा काय पसारा मांडून गेलीस? अडखळून पडले असते मी."

"आई, पाणी प्यायलीस?"

"हे काय, दुसरा ग्लास. पातेल्यातलंच."

भाचीनं झाकण उचललं. पातेल्यात पाणी नव्हतं. कडेनं सायीसारखा थर होता आणि तळाशी चिमूटभर नखं.

"जरा दाट वाटलं," आई म्हणाली. "पण पोटाला बरं वाटतंय हो. किती दिवसांनी."

बोलता बोलता आईनं ओठाला काहीतरी लागलं म्हणून चिमटीत धरलं आणि ओढलं. केस होता. आई ओढत राहिली. तो येतच राहिला. आईचा हात खांद्यापर्यंत गेला तरी तो घशातून येतच होता, ओला, लांब. आईनं तोंड वाकडं केलं, केस ग्लासच्या कडेला पुसला आणि म्हणाली, "तुझे केस गळायला लागलेत. तेल लावत जा."

भाची सिंकवर वाकली आणि भडभडून ओकली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. गोलू होता.

"काय गं, पळालीस कुठे? सर नुसते पेटलेत."

"गोलू, माझा कॉल..."

"अगं, तो माझ्याकडे आला ना. तुझी ती आजी. बिचारी बाहेर अडकली होती. घर सापडेना म्हणाली."

"काय सांगितलंस तिला?"

"पत्ता होता की पडद्यावर. तोच वाचून दाखवला. मग अगदी तुझ्यासारखं केलं बघ, एका वेळी एक गोष्ट, सावकाश. दार लागलं होतं म्हणे, कुणीतरी किल्लीनं उघडेपर्यंत ती बाहेरच्या जिन्याखाली बसून राहिली. मीही थांबलो तिच्यासोबत. नियम म्हणजे नियम."

भाचीनं बोळाकडे पाहिलं. धावत आत येताना तिनं दार ओढून घेतलं नव्हतं.

"पोचली एकदाची," गोलू म्हणाला. "आत्ताच ठेवला तिनं. खूश होती. म्हणाली, दोघी समोरच दिसतायत."

बोळात काहीतरी फरशीवरून घसटत होतं.

पुढचं भाची सांगत नाही. तिथपर्यंत येते आणि थांबते. मी दोनदा विचारलं, पुन्हा विचारणार नाही.

त्यांनी ते घर सोडलं. भाचीनं नोकरीही सोडली. आता ती फोनच वापरत नाही, काही निरोप असला तर चालत येते.

माझी बहीण बरी आहे. डॉक्टरांना नवल वाटलं. आतडं नव्यासारखं झालंय म्हणाले. ती दोन्ही वेळा जेवते, वजनही वाढलंय. सगळे म्हणतात, वाईटातून चांगलं झालं. मीही तसंच म्हणतो. बहीण आहे माझी.

महिन्यातून एकदा भेटायला जातो. दार तीच उघडते. मी बसलो की आधी पाणी आणून देते. मी ग्लास हातात धरून इकडचं तिकडचं बोलत राहतो. आत काय आहे ते बघत नाही.

ती मात्र बोलत नाही. समोर उभी राहते, ग्लासकडे बघत, मी पिईपर्यंत.